मागून यायलीय

१

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला मी दादाला फोन करते. अकरा वर्षांत हा नेम चुकलेला नाही. आधी करत नाही, कारण आमच्या लातूर-नांदेडच्या बाजूला लेकी दिवाळीपेक्षा पंचमीला माहेरी येतात, आणि आधी फोन केला तर 'येतीस का' असं कुणी विचारू शकतं. दुसऱ्या दिवशी तो धोका उरत नाही. आईचं कसं आहे, सोयाबीन कसं आहे, मी पाठवलेली साडी पोचली का, एवढं चार मिनिटांत उरकतं. मग मी डबा भरते आणि कंपनीची बस गाठते.

दादा म्हणजे व्यंकटी, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. पहिल्या वर्षानंतर त्यानं मला 'येतीस का' असं एकदाही विचारलेलं नाही. मला तो त्याचा मोठेपणा वाटायचा.

यंदा फोन वहिनीनं उचलला. अयोध्यावहिनी घरात आली नऊ वर्षांपूर्वी, आणि त्या लग्नाला मी गेले नव्हते. तिचा-माझा फोनवरही कधी संबंध आला नव्हता, कारण फोन नेहमी दादाच घ्यायचा. मी म्हणाले, वहिनी, मी वर्षाराणी बोलतेय.

ती हसली. "अगं माय. ताई, घरातल्या घरात फोन कामून करायलात? हाक मारायची की."

मला काही कळेना. तिच्या बोलण्यामागून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. एका लयीत, न थांबता, परातीत हात पडत होता. मग फोन कुणीतरी ओढून घेतल्यासारखं झालं आणि दादा म्हणाला, बोल.

मी विचारलं, वहिनी काय म्हणत होत्या. तो म्हणाला, काय न्हाई, तिला दुसरंच कुणी वाटलं. आई कशी आहे विचारलं तर म्हणाला, बरी हाय. साडी पोचली का, तर म्हणाला, हाव. त्या दिवशी आमचा फोन दीड मिनिटात संपला.

२

मी पुण्यात औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात आहे. गोळी चांगली दिसते म्हणून चांगली धरायची नाही, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे त्या दीड मिनिटाचा मी दिवसभर कीस काढला आणि संध्याकाळपर्यंत उत्तरही काढलं. आईची नजर चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं गेली. होळीपासून तर ती बाजेवरच आहे. तिचं करायला दादानं एखादी बाई ठेवली असणार, आणि आईला समाधान वाटावं म्हणून त्या बाईला माझं नाव दिलं असणार. वहिनीनं मला जन्मात पाहिलेलं नाही. तिला सांगितलं की ही तुझी नणंद, तर तिच्यासाठी तीच नणंद.

उत्तर अगदी चोख बसत होतं. तरी रात्री जेवण गेलं नाही. आपल्या आईला कुणी परकी बाई 'माय' म्हणतेय हे मला सहन होईना. यावर मला हक्कानं रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तो हक्क मी स्वतःच्या हातानं घालवलेला होता. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगून टाकते.

दहावीला मी तालुक्यात दुसरी आले आणि लातूरला अकरावीला गेले. आमच्याकडच्या आया तेव्हाही हेच करायच्या, आताही करतात. मूल लातूरला शिकायला ठेवलं की आई मागोमाग जाते, एक खोली घेते आणि दोन वर्षं भाकरी-भाजी करून वाढते. आम्हाला खोली परवडणारी नव्हती. मग आई मुलींच्या मेसमध्ये भाकरी थापायला राहिली. ती झोपायची मेसच्या स्वयंपाकघरात आणि मी शेजारच्या हॉस्टेलवर. मला मात्र तिनं परातीला हात लावू दिला नाही. त्या वेळात एक धडा होतो, म्हणायची. मला अजून भाकरी येत नाही.

पहिल्याच महिन्यात ती माझा डबा घेऊन खोलीवर आली. पदराला पीठ, टाचांना भेगा. माझ्या खोलीत शिल्पा नावाची डॉक्टरची मुलगी होती. तिनं विचारलं, या कोण गं? मी वहीतून मान वर न करता म्हणाले, मेसवाल्या मावशी आहेत.

आईनं ऐकलं. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि मला म्हणाली, "ताई, उद्या डबा धुऊन ठिवा बरं का." स्वतःच्या लेकीला ती अहो-जाहो बोलली. पुढची दोन वर्षं चारचौघींत तिनं मला तसंच बोलावलं. माझी लाज तिनं राखली. घरी गेल्यावर त्यावर एक शब्द काढला नाही, आणि तिनं काढला नाही म्हणून मीही काढला नाही. तिचं तोंड बघितलं की मला ती खोली आठवायची, म्हणून मी तिचं तोंडच बघायचं टाळलं. एवढं साधं कारण आहे. लोकांना सांगायला मी रजेची, परीक्षेची, सासूच्या गुडघ्यांची कारणं ठेवली होती.

आता ती फार दिवसांची नाही हे मला दादाच्या आवाजावरून कळत होतं. मला तिच्यासमोर बसून एकदा ते वाक्य परत घ्यायचं होतं. बाकी काही नाही. माफी मागायची, तिनं डोक्यावर हात ठेवला तर ठेवला, शिवी दिली तर दिली. नवऱ्याला, आनंदराजला, मी सांगितलं की नांदेडला कंपनीचं तपासणीचं काम निघालंय. खरं बोलायला निघाले होते आणि निघतानाच खोटं बोलले. सवय जाता जात नाही.

३

अहमदपूरच्या स्टँडवरून आमच्या बोरसावळीला दिवसातून दोन गाड्या जातात. मी अकराची पकडली. बॅगेत आईसाठी लुगडं होतं, आणि अंगावर मुद्दाम घातलेली सुती साडी. गावात कुणी ओळख दाखवणार नाही, दाखवली तर टोमणे मारील, अशा तयारीनं मी उतरले.

आमचं जुनं गाव धरणाच्या फुगवट्याखाली गेलं तेव्हा मी दुसरीत होते. नवं गाव पाण्याच्या काठावर वसवलं, सरळ रेषांचं, पत्र्यांचं. आमच्यातल्या कुणी समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून सगळे त्या पाण्याला समिंदर म्हणू लागले. समिंदर चढलाय, समिंदर उतरलाय, म्हस समिंदराकडं गेलीय. पुण्यात मी एकदा कुणाला सांगितलं होतं की माझं गाव समुद्राकाठी आहे. तेही खोटं म्हणायचं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

फाट्यावरच्या पहिल्या घरात सरजाबाई राहतात. माझ्या लहानपणापासून त्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेतात. मी मान खाली घालून चालले होते. त्या म्हणाल्या, "का गं वर्षाराणी, इकडून कुठून? सकाळी तर समिंदरावर धुणं धुवायली होतीस."

मी थांबले. म्हणाले, काकू, मी आत्ता पुण्याहून येतेय.

त्या हसल्या. दात राहिलेले नाहीत. म्हणाल्या, गंमत कर म्हातारीची. मग आवाज उतरवून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. मायचं लई करायलीस, म्हणाल्या. गू-मूत काढणं लेकीलाच जमतं, सुनेला ती आच नसती. देव तुझं बरं करील.

त्यांचा हात मनगटावर होता तेवढा वेळ मला वर बघवेना. सरजाबाईंना मोतीबिंदू असेल, मी मनाशी म्हटलं. त्यांनी मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. कुणीही मध्यम उंचीची बाई त्यांना वर्षाराणी वाटेल. पण मग त्यांनी मला लांबून, चालण्यावरून ओळखलं कसं, हा प्रश्न तपासणी विभागातली बाई विचारणारच. मी तो तिथंच सोडला आणि गल्लीत वळले.

४

लांबून माणूस खूप दिवसांनी आलं की आमच्याकडे त्याला दारातच थांबवतात. भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी अंगावरून उतरवून बाहेर टाकतात, मगच आत घेतात. अकरा वर्षांनी येतेय, वहिनी एवढं तरी करील, असं कुठंतरी मनात होतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

अयोध्यावहिनी अंगणात फडक्यात भाकरी बांधत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, परत गाठ मारली, आणि म्हणाली, "साडी कधी बदलली? आणि असं पाहुण्यावाणी दारात कामून उभ्या हाव?"

मी म्हणाले, वहिनी, मी पुण्याहून आलेय, मला ओळखलं का. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. म्हणाली, ताई, जरा पडा. रात्र-रात्र मायपशी बसता, डोकं फिरंल न्हाईतर काय. मग, यांची भाकर घेऊन शेतात जाऊन येते, माय झोपलीय, तुम्ही हाव म्हणून काळजी न्हाई, असं म्हणत ती फडकं डोक्यावर घेऊन निघूनही गेली. मला कुणी ओवाळलं नाही. रोजच्या माणसाला कोण ओवाळतं.

घर दोन खोल्यांचं, मागं स्वयंपाकाची पडवी. पुढच्या खोलीत बाजेवर आई होती. किती लहान झाली होती ती. पांघरुणाखाली माणूस आहे हे आधी कळलंच नाही. पण तिचं अंग स्वच्छ होतं, केस विंचरून अंबाडा घातलेला, नखं कापलेली, पाठीखाली जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्यांच्या घड्या. बाजेवरच्या माणसाच्या खोलीला येतो तो वास तिथं नव्हता. मी जमिनीवर बसले. मला हातात घ्यायला काहीच काम उरलेलं नव्हतं.

खोली अंधारी, दुपारचे साडेबारा, पत्रा तापून टिकटिक वाजत होता. बाहेर लांब कुणाची तरी शेळी ओरडत होती. मग मागच्या पडवीत परात फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. पिठात पाणी पडलं. आणि भाकरी थापायला सुरुवात झाली.

वहिनी शेतात गेली होती. मी तिला गल्लीच्या तोंडापर्यंत जाताना पाहिलं होतं. म्हणजे ही ती ठेवलेली बाई, मी मनाला सांगितलं. मागच्या दारानं आली असणार. उठून जाऊन तिला विचारावं, बाई, तुझं नाव काय, एवढं सोपं होतं. पण मी उठले नाही. त्या थापण्यात एक खोड होती. चार थापा, मग एक छोटी, परातीच्या कडेला. असं फक्त माझी आई थापायची. लातूरच्या हॉस्टेलवर पहाटे खिडकीतून तो आवाज यायचा आणि मी कानावर उशी घ्यायचे.

५

"कोण हाय गं?" आईनं विचारलं. ती जागी होती. पांढुरके डोळे छपराकडे.

मी म्हणाले, "मी हाय, माय. वर्षाराणी."

तिनं ऐकून घेतलं. मग हसली, लहान मुलाच्या थापेला हसतात तशी. "वर्षाराणी आत हाय. भाकरी करायलीय. तू कुण्या गावची?"

मला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही. मी बाजेच्या कडेला डोकं टेकवलं आणि बोलत सुटले. लातूर, हॉस्टेलची खोली, शिल्पा, डबा. मी तुला मावशी म्हणाले, माय. तू ऐकलंस आणि मला ताई म्हणालीस. तेव्हापासून मी तोंड लपवतेय. मला माफ कर. मी रडत होते, आणि रडताना कुठंतरी हलकंही वाटत होतं, की सुटले, बोलून टाकलं एकदाचं.

आईनं पांघरूण छातीशी ओढलं. मग म्हणाली, "हे तुला तिनं सांगितलं व्हय?"

कुणी, मी विचारलं.

"माझ्या लेकीनं. हे तिचं न् माझं हाय, बाहेर कुणाला ठावं न्हाई." मग तिनं सावकाश, दम खात सांगितलं. तीन पंचमीमागं लेक इथंच, बाजेपाशी बसली होती. मांडीवर डोकं ठेवून तिनं हे सगळं सांगितलं आणि पोटभर रडली. "मी म्हणलं, लेकरा, मी तवाच इसरले. इसरले नव्हते. लई लागलं होतं मला. पण लेकीला कुठं असं म्हणायचं असतं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दोघी जेवलाव. मिटलं ते."

मी म्हणाले, ती मी नव्हते, माय. मी आत्ता आलेय. मी खरी आहे. माझा आवाज चढला असावा, कारण आतलं थापणं थांबलं. आईनंही मान तिकडे वळवली. तिच्या तोंडावर भीती दिसली, आणि ती माझ्यामुळे होती.

तिनं चाचपडत माझा हात घेतला. तळवा उलगडून अंगठ्यानं दाबून पाहिला, बाजारात वांगं बघतात तसा. "मऊ हाय," ती म्हणाली. "नोकरीवाली दिसतीस. तुझी माय हाय का?"

आहे, मी म्हणाले.

"मग तिला जाऊन म्हण हे. माझ्यापशी आता ते न्हाई, बाई. होतं ते तिला दिऊन टाकलं."

तिनं माझा हात परत माझ्या मांडीवर ठेवला, नीट, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा. आत पुन्हा थापणं सुरू झालं.

६

मी उठले ते रागानं. माझी माफी खाऊन बसलेली ही बाई कोण, हे मला बघायचंच होतं. पडवीच्या दाराला जुन्या साडीचा पडदा होता. मी तो दोन बोटं बाजूला केला.

मागचं दार उघडं होतं, आणि त्यातून पाण्यावरचा उजेड सरळ डोळ्यांत येत होता. चुलीपुढं ती पाठमोरी बसली होती. अंगावर मी गेल्या वर्षी पाठवलेली मोहरी रंगाची साडी, धुऊन धुऊन विटलेली. पदराचं टोक ओलं होतं आणि त्याखाली फरशी कोरडी होती. केस अर्धेअधिक पांढरे. मी दर तीन आठवड्यांनी रंग लावते. लावला नाही तर माझे जिथून पांढरे दिसतील, बरोबर तिथूनच ते पांढरे होते. मानेवर, उजव्या बाजूला, तीळ होता. माझा मला आरशात दिसत नाही, पण आहे हे ठाऊक आहे.

ती वळली नाही. तिचे हात थांबले आणि पिठानं भरलेलं डावं कोपर थोडं वर आलं, कपाळावरचा घाम पुसावा तसं. मग ती बोलली. आपला आवाज रेकॉर्ड करून ऐकला की कसा परका वाटतो, तसा तो मला वाटला.

"बसा की. जेवून जावा."

एवढंच. त्या आवाजात वाईट असं काही नव्हतं. मी हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलंय. घरच्या बाईनं दारी आलेल्या बाईशी बोलावं तसं ती बोलली होती. मी पडदा सोडला, चपला हातात घेतल्या आणि अंगणात आले.

दादा तेवढ्यात मोटारसायकलवरून उतरत होता. वहिनीनं शेतात सहज सांगितलं असेल, ताई साडी बदलून आल्या, पुण्याहून आले म्हणतात, आणि तो अर्धी भाकर टाकून निघाला असेल. त्यानं माझ्या हातातल्या चपला पाहिल्या, पर्स पाहिली. म्हणाला, चल तिकडं.

आम्ही काठावरच्या बाभळीखाली उभे राहिलो. मी विचारलं, कोण आहे ती. तो पाण्याकडे बघत होता. मग त्यानं सांगितलं, आणि एवढं सलग तो माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदाच बोलला.

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या पंचमीला तो मला न्यायला पुण्याला आला होता. ते मला आठवत होतं. मी त्याला वर घरात नेलंच नाही. सोसायटीच्या गेटवर पाण्याची बाटली आणि मिठाईचा डबा दिला, रजा नाही म्हणाले, आणि परत पाठवलं. आमच्यात मुराळी, म्हणजे लेकीला न्यायला गेलेला भाऊ, एकटा माघारी येऊ नये असं मानतात. तो तर पहिल्या पंचमीचा मुराळी होता. आई सकाळपासून दारात बसली होती. तेव्हा तिला दिसत होतं. हातात तुकडा, तांब्या.

"मला तिचं त्वांड बघून खरं सांगवलं न्हाई," दादा म्हणाला. "मी म्हणलं, मागून यायलीय. आता खाली समिंदरापशी हाय, म्हणलं, पाय धुवायलीय. माय तशीच उभी राहिली. मी म्हणलं घटकाभरानं सांगू. आन् तू आलीस."

मी हातातल्या चपला खाली टाकल्या आणि पायात घातल्या.

"मायनं तुकडा उतरवून टाकला, आत घेतलं. मला पण तूच वाटलीस. कुठल्या गाडीनं आली असंल, म्हणलं. तिसऱ्या दिवशी निघालीस, मी सोडायला फाट्याकडं वळलो तर तू खाली, काठाकडं." तो जरा थांबला. "पुढच्या वर्षी मी न्यायला आलोच न्हाई तुला. आठवतंय का? तरी ती आली. यंदा होळीपासून राहिलीय. मी इचारत न्हाई काही. काय इचारू? तू नव्हतीस, ती होती."

वाऱ्यानं पाणी काठावर येऊन चप चप वाजत होतं. खोलीतनं आईचं आणि तिचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द नव्हते कळत. आई कशालातरी हसली.

मग दादानं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. म्हणाला, डॉक्टरनं पंधरा-वीस दिवस सांगितलेत. "तुला राहायचं असंल तर राहा. तू खरी हास, तुझा हक हाय. मी तिला सांगतो, आता नगं म्हणून. पण एकदा सांगितलं की ती परत यायची न्हाई, असं मला वाटतंय. मग मायचं सगळं तुला करावं लागंल. शेवटपतूर."

मी हो म्हणणार होते. शपथेवर सांगते, 'हो' माझ्या जिभेवर होतं. पण मला सोमवारची मीटिंग आठवली, आणि बाजेवरचं ते लहानसं अंग उचलून कूस कशी बदलतात हे मला येत नाही हे आठवलं, आणि तोंडातून निघालं ते वेगळंच.

"पंधरा की वीस?" मी विचारलं. "म्हणजे नक्की किती दिवस?"

 दादा माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग असता तर मी सावरले असते. मग त्यानं माझ्या खांद्यावरची पर्स नीट केली आणि म्हणाला, दोनची गाडी मिळंल तुला.

७

गाडीत खिडकीची जागा मिळाली. लाज वाटली असं मी लिहिलं तर ते खरंच आहे, अंगाला भाजल्यासारखी वाटत होती. पण तिच्याखाली आणखी एक गोष्ट होती. मला हायसं वाटलं होतं. आईचं करणारं कुणी आहे, चांगलं करतंय, माझ्यापेक्षा चांगलं, आणि मला ते करावं लागणार नाही. बोरसावळीच्या वळणापर्यंत मी रडले आणि त्यानंतर अहमदपूर येईपर्यंत गाढ झोपले.

सतराव्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. मी ऑफिसात होते. माय गेली, म्हणाला. पहाटे पाणी मागितलं, घोटभर प्याली आणि मान टाकली. त्रास झाला नाही. मी विचारलं, जवळ कोण होतं.

"तुझ्या मांडीवर गेली," तो म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. "सगळं गाव होतं दारात. सरजाबाई म्हणाल्या, लेक असावी तर अशी. मी ऐकून घेतलं." मी येऊ का, विचारलं. तो म्हणाला, कशाला. आल्यावर लोकांना काय सांगायचं.

फोन ठेवल्यावर मी टेबलाशी तशीच बसून राहिले असेन. शेजारच्या टेबलावरची मनिषा उठून आली. चांगली मुलगी आहे, सहा वर्षं माझ्या शेजारी बसते. काय झालं विचारलं, मी सांगितलं. तिनं माझा हात हातात घेतला. गेल्या वर्षी तिची आई गेली, तेव्हा ती वेळेवर पोचली नव्हती. ते तिच्या मनातून अजून जात नाही. तिनं हळूच विचारलं, शेवटची भेट तरी झाली ना गं?

मी म्हणाले, "हो. माझ्या मांडीवरच गेली."